नकट्या रिव्हॉल्व्हरांचा नाद

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल, की या प्राध्यापकाला बोलावयास दुसरे काही सापडले नाही काय? आपल्या खेड्यात बंदूक म्हटली म्हणजे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक, रानडुकरे हाकलण्यासाठी परवाना काढून घेतलेली एखाद्या बागाइतदाराच्या घरची बंदूक. आणि दुसरी, पोलीस शिपायाच्या खांद्यावरची. रिव्हॉल्व्हर आपण पाहतो ते सिनेमात, फौजदाराच्या कमरेला. आणि खिशात मावेल एवढे इवलेसे रिव्हॉल्व्हर निघाले, की समोरचा इसम खलनायक आहे हे पोरासोरांनाही कळते.

पण ज्या वस्तूला आपण खलनायकाची वस्तू समजतो, तिचा छंद अगदी साधी, शेजाऱ्याला अडीअडचणीला धावून जाणारी माणसे करतात. तिच्यावर पुस्तके लिहितात, मेळावे भरवतात. आणि कित्येकजण ती खिशात घालून भाजी आणावयास जातात, असे मी स्वतः पाहिले आहे. २०२३ सालच्या उन्हाळी सुटीत मी अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ, माझ्या आतेभावाकडे पाच आठवडे राहिलो होतो. हा आतेभाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. इंजिनियर म्हणून तिकडे गेला; २००९ सालच्या मंदीत नोकरी सुटली, तेव्हा एका मित्राबरोबर भागीत पेट्रोलपंप आणि त्याला लागून असलेले किरकोळ दुकान चालवावयास घेतले. ते आजतागायत चालवतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त पोलीस अंमलदार राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे. आतेभावाची मुलगी त्यांना 'आजोबा' म्हणते, अगदी मराठीत. म्हणून मीही त्यांना आजोबाच म्हणतो. या आजोबांना नकट्या रिव्हॉल्व्हरांचा छंद होता, आणि माझ्या भावाच्या खिशात तसले एक रिव्हॉल्व्हर होते. त्या दोघांमुळे मला जे समजले, ते आज सांगणार आहे.

आधी वस्तू समजावून घेऊ. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे. आजच्या पिस्तुलात काडतुसांची पट्टी मुठीच्या पोटात असते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांसाठी भोके पाडलेला एक जाडसर लोखंडी गोळा असतो, त्याला सिलिंडर म्हणतात. स्वयंपाकघरातला नव्हे, मुठीत मावेल एवढा. चाप ओढला, की हा गोळा एक घर पुढे फिरतो आणि नवे काडतूस नळीच्या तोंडाशी येते. रहाटगाडगे फिरताना एकेक गाडगे वर येऊन पन्हळीत पाणी ओतते, तसे. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरची नळी चार-सहा इंच असते. ती जर दोन इंचांवर आणली, तर जे दिसते त्याला इंग्रजीत 'स्नबनोज' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'नकटे' हा शब्द चपखल बसतो. चेहऱ्यावरचे नाक कोणी अर्ध्यावर कापून टाकावे तसे ते दिसते. आणि आवडणाऱ्याला ते नकटेपणच आवडते.

या हत्याराचा मूळ इतिहास थोडासा आपल्या किनाऱ्याला शिवून गेला आहे, हे मला तिथे गेल्यावर कळले. १८३० साली सोळा वर्षांचा सॅम्युएल कोल्ट हा पोरगा बोस्टनहून कलकत्त्याकडे निघालेल्या 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाजाचे सुकाणूचे चाक फिरून ठरावीक जागी अडकते, हे पाहून फिरत्या गोळ्याची कल्पना सुचली, आणि आपण प्रवासातच लाकूड कोरून तिचा नमुना केला, असे तो पुढे सांगत असे. तसली चकमकीवर उडणारी हत्यारे इंग्रजांजवळ त्याआधीही होती, तेव्हा ती कुठेतरी त्याच्या नजरेस पडली असावीत असा तर्क कित्येक अभ्यासक करतात. काही असो. १८३६ साली अमेरिकेत त्याला पेटंट मिळाले. त्या वेळी दारू आणि गोळी प्रत्येक घरात वेगळी ठासावी लागे. पुढे १८५७ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे स्मिथ आणि वेसन या दोघा भागीदारांनी धातूच्या तयार काडतुसांचे लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, आणि हे हत्यार सैनिकाच्या कमरेवरून नागरिकाच्या खिशाकडे सरकू लागले.

नळी मात्र खरी आखूड झाली ती इंग्लंडात. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ साली 'बुलडॉग' नावाचे अडीच इंची नळीचे, जाड काडतुसांचे रिव्हॉल्व्हर काढले. आजोबांनी मला त्याची एक जुनी बेल्जियन नक्कल दाखवली. मूठ इतकी आखूड, की करंगळीला जागाच नाही. ते म्हणाले, "याच जातीच्या हत्याराने आमचा एक राष्ट्राध्यक्ष गेला." १८८१ सालच्या २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गार्फील्ड यांच्यावर गितो नावाच्या इसमाने दोन गोळ्या झाडल्या. गार्फील्ड त्या जखमांनी सप्टेंबरात वारले. या गितोला म्हणे दुकानात हत्यार निवडताना अशी काळजी होती, की पुढे ते संग्रहालयात ठेवले म्हणजे शोभून दिसले पाहिजे! ते संग्रहालयात गेलेही. आणि मोठी मौजेची गोष्ट अशी, की ते तिथून हरवले. आज ते कोठे आहे याचा पत्ता नाही.

आजोबांचा संग्रह त्यांच्या तळघरात होता. भिंतीला बोल्टने जखडलेली पोलादी तिजोरी; तिच्यात हिरव्या लोकरी कापडावर ओळीने ठेवलेली एकवीस रिव्हॉल्व्हरे. मला पाहावयास देण्यापूर्वी त्यांनी प्रत्येकाचा सिलिंडर बाहेर काढून सगळी घरे रिकामी असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग मला दाखवले, मग माझ्या हातात दिले. आणि मी परत केल्यावर पुन्हा उघडून पाहिले. मी म्हटले, "आत्ताच तर पाहिलेत!" ते म्हणाले, "मघाची गोष्ट मघाशी. हातात आले, की ते भरलेलेच समजायचे." एकवीस वेळा त्यांनी हे केले. एकदाही चुकले नाहीत, आणि एकदाही कंटाळले नाहीत.

आता त्यांच्या छंदाविषयी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्यांनी अडकित्ते पाहिले असतील, त्यांना हे चटकन समजेल. सुपारी कातरण्याचे साधन ते काय, पण त्याच्या मुठीला कुणी मोराचा आकार दिला, कुणी घोड्याचा. आणि पाहणारा माणूस सुपारी विसरून कारागिराला दाद देतो. आजोबा तसेच गोळी विसरून बोलत. १९२७ सालचे कोल्ट कंपनीचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' त्यांनी खिडकीपाशी नेऊन उन्हात धरले. त्या काळी पोलादाला पॉलिश करून निळसर काळा रंग चढवीत. जांभळ्या गर्द पाण्यावर ऊन पडावे तसा तो दिसतो. "असा रंग आता देत नाहीत," असे म्हणताना त्यांचा आवाज एखाद्या जुन्या गवयाची तान आठवणाऱ्या रसिकासारखा झाला होता. त्याच कंपनीत फिट्झगेराल्ड नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी १९२०-३० च्या दरम्यान पोलिसी बनावटीची मोठी रिव्हॉल्व्हरे घेऊन त्यांच्या नळ्या कापल्या, घोड्याचे टोक तासले, आणि चापाभोवतीचे संरक्षक कडे पुढून कापून टाकले, की बोट अडू नये. संग्राहकांना त्या हातकामाचे भारी वेड. आजोबांचे मत निराळे. "कडे कापणे हा शुद्ध गाढवपणा," ते म्हणाले, "ज्या कड्याने बोट अडते, तेच कडे माणसाची मांडी वाचवते."

स्मिथ अँड वेसन कंपनीचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर ही तर त्यांच्या संग्रहाची मुख्य शाखा. १९५० साली कोलोराडो स्प्रिंग्ज येथे पोलीस प्रमुखांची परिषद भरली होती. तिथे हे नवे हत्यार मांडले, आणि नाव काय ठेवावे ते प्रमुखांनाच मत देऊन ठरवावयास सांगितले. अर्थात त्यांनी आपलेच नाव ठेवले: 'चीफ्स स्पेशल'. सहाऐवजी पाच घरे केल्याने सिलिंडर बारीक झाला. वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. पुढे ॲल्युमिनियमचा सांगाडा आला, मग टायटॅनियम. आणि वजन उतरत उतरत साडेतीनशे ग्रॅमवर आले. १९५७ पासून कंपनीने नावांच्या जागी आकडे दिले. तेव्हा जाणते लोक 'छत्तीस', 'बेचाळीस' असे आकड्यांनी बोलतात, आणि आपल्यासारखा मनुष्य तिथे बसला तर त्याला वाटावे, की हे गावकरी सर्व्हे नंबरांविषयी बोलत आहेत.

एका स्क्रूचा फरक, एका कळीचा आकार, मुठीवरच्या लाकडात हिऱ्याच्या आकाराची जागा मोकळी सोडली आहे की नाही, यांवरून ते साल ओळखत. हत्याराचा नंबर कळवून फी भरली, तर ते कोणत्या दिवशी कोणत्या दुकानाला रवाना झाले, याचे पत्र जुन्या वह्या पाहून मिळते. अशी पत्रे आजोबांनी फायलीत लावून ठेवली होती. मूळ पुठ्ठ्याची पेटी असली तर भाव वाढतो. मी विचारले, "पेटीला काय एवढे?" ते हसून म्हणाले, "तुमच्याकडे लग्नपत्रिका जपून ठेवत नाहीत का?"

या छंदाचा एक कोपरा मात्र त्यांना आवडत नसे, आणि मलाही तो ऐकून कसेसेच झाले. १९६३ सालच्या २४ नोव्हेंबरला डॅलसच्या पोलीस कचेरीच्या तळघरात जॅक रुबी याने ऑस्वाल्डला गोळी घातली. केनेडींच्या खुनाचा आरोपी तो हाच. लाखो लोकांनी ते त्याच क्षणी टेलिव्हिजनवर पाहिले. रुबीच्या हातात कोल्ट कंपनीचे 'कोब्रा' नावाचे नकटे रिव्हॉल्व्हर होते; ६० ते ६५ डॉलरांची वस्तू. मालकीचा कज्जा वर्षानुवर्षे चालला, आणि १९९१ साली लिलावात तीच वस्तू २,२०,००० डॉलरांना गेली. तसल्याच बनावटीचे, त्याहून सुस्थितीतले एक आजोबांपाशी होते. त्याला शेकड्यांतच किंमत. "लोखंड तेच," ते म्हणाले, "वरचे पैसे रक्ताचे." तिजोरीचे दार लोटून ते कॉफी करावयास वर गेले. तिजोरीच्या सर्वांत खालच्या कप्प्यात एक पुठ्ठ्याची निळी पेटी होती, ती त्यांनी मला दाखवली नव्हती. मी विचारले नाही.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. माझ्या भावाला या इतिहासाशी काडीचे कर्तव्य नव्हते. २०२१ च्या हिवाळ्यात एका रात्री दोन तरुण त्याच्या दुकानात शिरले, एकाने कोटाच्या आत हात धरला होता, आणि गल्ल्यातले सव्वातीनशे डॉलर घेऊन ते गेले. कोटाच्या आत हत्यार होते की नुसता हात, ते आजवर कळलेले नाही. दुसऱ्या आठवड्यात भावाने जुन्यापैकी एक पाच गोळ्यांचे नकटे विकत घेतले. ओहायोत जून २०२२ पासून कायद्याने पात्र असलेल्या प्रौढ माणसाला असे हत्यार झाकून बाळगण्यास परवाना लागत नाही. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत तशीच स्थिती आहे. न्यूयॉर्क राज्यात १९११ सालापासून कडक कायदा होता. झाकून बाळगावयाचे तर खास कारण दाखवावे लागे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ती अट रद्द केली. जवळ हत्यार बाळगणे हा तिथे नागरिकाचा हक्क मानला जातो, आणि त्या हक्काविषयी बोलताना माणसे आपण पाण्याच्या हक्काविषयी बोलतो तशी तापतात. परक्याने त्यात पडू नये, असे मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकले होते.

पण घरात पडावेच लागले. भाऊ विजारीच्या उजव्या खिशात ते घालून दुकानात जाई, पहाटे येई, आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात, मसाल्याच्या डब्यांमागे ठेवून झोपे. त्याची मुलगी नऊ वर्षांची. पुरणपोळीसाठी वेलदोडे कोठे आहेत ते मला तिनेच दाखवले, खुर्चीवर चढून. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याच दुपारी भावजय मला म्हणाली, "दादा, तुम्ही थोरले आहात, तुम्ही सांगून पाहा. मी सांगितले की त्यांना वाटते मी घाबरट आहे."

थोरलेपणाने सांगण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घ्यावी, म्हणून मी आजोबांना विचारले, की हे हत्यार खरोखर किती उपयोगाचे? हाडाचा शौकीन असूनही त्यांनी उत्तर सरळ दिले. नळी आखूड म्हणजे नेम धरण्याची मागची खाच आणि पुढची माशी यांतले अंतर आखूड. हाताचा केसभर कंप झाला तरी गोळी भलतीकडे जाते. हत्यार जितके हलके, तितका त्याचा दणका हाताला जास्त. दणका बसतो म्हणून माणूस सराव टाळतो. सराव नाही म्हणून नेम नाही. "खिशात घालायला सर्वांत सोपे, आणि वापरायला सर्वांत अवघड," असे ते म्हणाले. नोकरीत असताना सुटीच्या दिवशी तेही तसलेच बाळगीत. पण दर महिन्याला दोनशे काडतुसे मैदानावर उडवीत. माझ्या भावाने आपले रिव्हॉल्व्हर विकत घेतल्यापासून एकंदर दहा गोळ्या झाडल्या होत्या. तरी ते खिशात असले, की त्याला बरे वाटे. या बरे वाटण्याला मी हसणार नाही. रात्री दोन वाजता त्या काउंटरमागे मी उभा राहिलेलो नाही.

पोलिसांनी तर ही जात आता सोडून दिली आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ पासून पिस्तुले स्वीकारली, आणि जुन्या मंडळींकडची शेवटची रिव्हॉल्व्हरे २०१८ साली जमा झाली. असे असून शौकिनांचा ओढा काही आटत नाही. २००९ साली रुगर कंपनीने अर्धेअधिक प्लॅस्टिकचे नकटे काढले, ते खपले. कोल्ट कंपनीने बंद केलेले 'कोब्रा' २०१७ साली पुन्हा सुरू केले. कारण ते दिसायला आटोपशीर आहे. त्यात खटके-कळा थोड्या. आणि जुन्या चित्रपटांतल्या टोपीवाल्या गुप्त पोलिसाची छाया त्याच्यावर आहे.

लहान मुलांचा प्रश्न त्या कंपन्यांपुढे फार पूर्वीच आला होता. स्मिथ अँड वेसनने १८८० नंतरच्या दशकात एक रिव्हॉल्व्हर काढले; घोडा आत झाकलेला, आणि मुठीच्या पाठीला एक दांडी. ती दांडी तळव्याने आवळून धरल्याशिवाय चाप चालत नसे. लिंबू पिळल्यासारखी मूठ आवळावी लागते, म्हणून शौकीन त्याला 'लिंबूपिळ्या' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. एका पोराने घरातले हत्यार चालवून इजा करून घेतल्याचे वेसनच्या कानी आले, आणि त्याने ही युक्ती काढली, अशी आख्यायिका आहे. आठ वर्षांखालील साधारण मुलाला हे उडवता येणार नाही, अशी कंपनीची जाहिरात असे. आजोबांनी ही हकीकत मोठ्या कौतुकाने सांगितली. मी मनात वजाबाकी केली. पुतणी नऊ वर्षांची होती. आणि भावाच्या हत्याराला ती दांडीही नव्हती.

पण चोर आणि पोर या दोहोंच्या पलीकडे आणखी एक गोष्ट होती, ती मला माहीत नव्हती. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीच्या गोळीने एकंदर ४८,८३० माणसे मेली. मी समजत होतो, की हे बहुतेक खून असतील. खून २०,९५८ होते. २६,३२८ जणांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा जीव घेतला होता. माणसाच्या मनात एखादी काळी घटका येते आणि जाते. विहीर लांब असली, दोर शोधावा लागला, तर तेवढ्यात ती टळूही शकते. हत्यार हाताशी असले, की मध्ये वेळच उरत नाही; आणि त्यातून वाचणारा विरळा. आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्याविषयी हेच आहे. ज्या घरांवर तो प्रसंग आला आहे, त्यांना मी अधिक सांगावयाची गरज नाही.

हे आकडे मला आजोबांनीच दिले. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला पुन्हा तळघरात नेले आणि ती खालची निळी पेटी उघडली. आत १९६० नंतरच्या काळातले चीफ्स स्पेशल होते. रंग अभंग, मूळ पेटी, कागद, सफाईची सळईसुद्धा जागच्या जागी. मला एव्हाना थोडे कळू लागले होते. मी म्हटले, "हे तर तुमच्या सगळ्यांत उत्तम आहे!" ते म्हणाले, "आहे." मग थांबून म्हणाले, की हे त्यांच्या सोबत्याचे. दोघांनी अकरा वर्षे एका गाडीत गस्त घातली. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, एका रविवारी, जेवण झाल्यावर तो गॅरेजमध्ये गेला. पोलिसांनी चौकशी करून हत्यार परत दिले तेव्हा त्याची बायको ते घेऊन यांच्या दारी आली. म्हणाली, मला हे घरात नको, आणि विकायचेही नाही. "पाच घरांपैकी एकच उडाले होते," आजोबा म्हणाले. "संग्राहकाच्या भाषेत हे नवेच आहे." संग्रहाच्या यादीत त्याचा नंबर त्यांनी चढवलेला नव्हता. पेटी बंद करण्यापूर्वी त्यांनी सवयीप्रमाणे सिलिंडर उघडून पाहिला.

इथे आपल्याकडचा एक शब्द सांगून टाकतो, कारण हे सारे परदेशातलेच आहे असे कोणी म्हणेल. २०१४ सालच्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीच्या २०१२ सालच्या घटनेनंतर, स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे हत्यार, अशी त्याची ओळख करून देण्यात आली. किंमत १,२२,३६० रुपये. म्हणजे रात्री शेवटच्या एस.टी.ने एकट्या घरी येणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये ते कधी मावणार नव्हतेच. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आपल्याकडे परवाना मिळवावा लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारे ठेवता येतात. एकवीस नकट्यांचा संग्रह आपल्या देशात व्हावयाचा नाही. एक संग्रहप्रेमी म्हणून मला त्याचे किंचित वाईट वाटले, हे मी कबूल करतो. आजोबांच्या तळघरातल्या त्या दोन दुपारी मी फार रमलो होतो.

भावाशी बोलणे झाले ते विमानतळाच्या वाटेवर, गाडीत. मी आकडे सांगितले नाहीत, वेलदोड्यांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तुला वाटतं मला हौस आहे? मला तर ते हातात घ्यायलासुद्धा नको वाटतं. पण त्या रात्री माझे पाय लटपटत होते, ते हिला अजून सांगितलेलं नाही." मी म्हटले, "मग ते सांग." त्यावर तो गप्प राहिला.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी भावजयीचा निरोप आला. आजोबा आपण होऊन घरी आले होते. माझ्या तिजोरीत एक जागा रिकामी आहे, म्हणाले. कामावर जाताना घेऊन जा, येताना ठेवून जा, घंटी वाजवायला संकोच करू नकोस. भावाने ते नेऊन दिले. काही आठवडे तो रोज रात्री त्यांच्या दारावरून घेऊन जात असे.

त्यानंतरच्या दिवाळीत फोन झाला तेव्हा मी सहज विचारले. भाऊ म्हणाला, "आहे तिथेच. आणायला जाईन म्हणतो, पण आजोबांची तब्येत बरी नसते रे, रात्री त्यांची झोप कशाला मोडायची..." एवढ्यात पुतणीने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. शाळेत तिला वाळलेल्या पानांचा संग्रह करावयास सांगितले होते, आणि पिंपळाचे पान ओहायोत मिळत नव्हते. मी पाकिटातून चार पाठवली.